फायबर कंपनीविरुद्ध ग्राहक आयोगात गेले, त्याचा १८ महिन्यांचा पूर्ण अनुभव

रेटिंग आधीच देऊन टाकते. इंटरनेट कंपनीची सेवा ५ पैकी १, आणि तो एकसुद्धा पहिलं वर्षभर लाईन बरी चालली म्हणून. त्याच कंपनीचा अपील विभाग, शून्य. आमच्या जिल्ह्याचा ग्राहक आयोग ५ पैकी ४, कापलेला एक फक्त तारखांसाठी. कंपनीचं नाव लिहीत नाहीये, पैसे मिळाले आणि प्रकरण मिटलं, शिवाय मला जे सांगायचंय ते मोबाईल, लँडलाईन, फायबर कुठल्याही कंपनीला तसंच लागू आहे.

मी हार्मोनियम आणि गायन शिकवते, घरूनच. लॉकडाऊनमध्ये ऑनलाईन क्लास सुरू केले ते नंतरही चालूच राहिले, पुण्यातले चारजण, एक नागपूरची, आणि न्यू जर्सीतल्या दोघी बहिणी, त्यांचा क्लास शनिवारी आपल्या संध्याकाळी म्हणजे त्यांच्या सकाळी. ऑनलाईन गाणं शिकवायचं म्हणजे नेट चालतंय एवढं पुरत नाही, आवाज जरा अडकला की मुलगी तिकडे कोमल निषाद लावतेय की शुद्ध तेच कळत नाही. म्हणून जून २०२२ मध्ये फायबर घेतलं, राऊटरचं डिपॉझिट २,००० रुपये आणि सहा महिन्यांचा प्लॅन ५,४०० चा. दर सहा महिन्यांनी भरत होते. १ जून २०२३ ला पुढच्या सहा महिन्यांचे भरले आणि ११ जुलैला आमच्या रस्त्यावर पाईपलाईनसाठी जेसीबी लागला आणि केबल तुटली.

केबल तुटते, पावसाळ्यात तर तुटतेच, त्याबद्दल माझी तक्रार नाहीच. राऊटरवर एलओएस लिहिलेला छोटा दिवा असतो, प्रकाश येत नसला की तो लाल होतो आणि लुकलुकत राहतो. तो लाल दिवा आमच्याकडे २३ दिवस लुकलुकत होता. पहिल्या दिवशी तक्रार नोंदवली, डॉकेट नंबरचा म्हणजे तक्रार क्रमांकाचा मेसेज आला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मेसेज आला की आपली तक्रार सोडवण्यात आली आहे. मी पळत जाऊन राऊटर बघितला, दिवा लालच. परत फोन, परत नवीन डॉकेट, परत दोन दिवसांनी "सोडवण्यात आली आहे". असे पाच डॉकेट झाले आणि त्यातले चार त्यांनी असेच बंद केले, घरी कोणी आलेलं नसताना. कस्टमर केअरची मुलगी प्रत्येक वेळी म्हणायची मॅम सिस्टीममध्ये तुमची लाईन चालू दाखवतेय. लाईनमनला फोन केला तर तो बिचारा खरं सांगायचा, ताई जॉईंट मारायचं मशीन एकच आहे तालुक्याला, ते दुसरीकडे गेलंय.

चौथ्या मेसेजनंतर मला सुचलं ते मी केलं. त्या दिवशीचं वर्तमानपत्र राऊटरशेजारी उभं केलं, तारीख दिसेल असं, आणि लाल दिव्याचा फोटो आणि दहा सेकंदांचा व्हिडिओ काढला. नंतर रोज सकाळी पेपर आला की तेच. एकूण चौदा फोटो झाले. तेव्हा कोर्टाचं डोक्यातही नव्हतं, फक्त राग होता. पण पुढे सगळ्यात कामाला आले ते हे चौदा फोटो आणि डिलीट न केलेले ते चार मेसेज, म्हणून एवढं सविस्तर सांगतेय.

मोबाईलच्या हॉटस्पॉटवर क्लास घ्यायचा प्रयत्न केला, नाही जमलं. न्यू जर्सीच्या मुलींच्या आईने फार समजुतीने घेतलं, पण एका शनिवारी धाकटी तिकडून आलाप घेतेय आणि इकडे तिचा चेहरा तोंड उघडं ठेवूनच थांबलाय, आवाज सात-आठ सेकंदांनी तुकड्यातुकड्यांत येतोय, ते बघून मलाच रडू यायची वेळ आली. २० जुलैला मी दुसरं कनेक्शन घेतलं आणि यांना ईमेल केला की माझं कनेक्शन बंद करा, उरलेल्या दिवसांचे पैसे आणि डिपॉझिट परत द्या. उत्तर आलं की प्लॅन नॉन-रिफंडेबल आहे, पण सदिच्छा म्हणून ७ दिवसांची व्हॅलिडिटी वाढवून देतो. २ ऑगस्टला दिवा लाल होता, ३ ऑगस्टला लाईन आली. तोपर्यंत राऊटर मी पिशवीत भरून ठेवला होता, न्यायला या म्हणून तीन ईमेल केले, कोणी आलं नाही.

आता हे नीट वाचा कारण मला स्वतःला हे माहीत नव्हतं. ट्राय म्हणजे दूरसंचार कंपन्यांसाठी नियम करणारी सरकारी संस्था, तिचे ब्रॉडबँडच्या सेवेच्या दर्जाचे नियम २००६ पासून होते आणि त्यात स्पष्ट लिहिलं होतं की बिघाड ३ कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त राहिला तर ७ दिवसांच्या भाड्याइतकी सूट, ७ दिवसांच्या वर गेला तर १५ दिवसांची, आणि १५ कामकाजाच्या दिवसांच्या वर गेला तर पूर्ण महिन्याची. म्हणजे माझ्या केसमध्ये पूर्ण एक महिना, ९०० रुपये, हा माझा हक्क होता, आणि कंपनी मला सात दिवस "सदिच्छा" म्हणून देत होती! हे नियम आता बदललेत, १ ऑक्टोबर २०२४ पासून मोबाईल, लँडलाईन, ब्रॉडबँड सगळ्यांसाठी एकत्र नवीन नियम लागू झाले. त्यातही घरगुती लाईनचा बिघाड तीन दिवसांत काढला नाही तर भरपाई आहेच, आणि मोबाईलचं नेटवर्क एखाद्या जिल्ह्यात २४ तासांपेक्षा जास्त बंद राहिलं तर पोस्टपेडवाल्यांना बिलात सूट आणि प्रीपेडवाल्यांना एप्रिल २०२५ पासून व्हॅलिडिटी वाढवून द्यायची आहे. आपल्यातल्या किती जणांनी ही सूट स्वतःच्या बिलात कधी बघितलीय? मी तरी माझ्या ओळखीत विचारून पाहिलं, एकानेही नाही.

तर पुढची पायरी, अपील. ट्रायच्याच २०१२ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक कंपनीला आधी तक्रार केंद्र आणि त्याच्यावर अपील प्राधिकारी ठेवावा लागतो. तक्रारीची मुदत संपल्यापासून ३० दिवसांत अपील करायचं, फी नाही, आणि त्यांनी ३९ दिवसांत निर्णय द्यायचा. ऐकायला छान वाटतं. पण हा अपील प्राधिकारी म्हणजे त्याच कंपनीतला वरचा माणूस. त्याला सल्ला द्यायला दोघांची समिती असते, एक ग्राहक संघटनेचा आणि एक कंपनीचा, पण शेवटी निर्णय त्याचाच. मी ऑगस्टमध्ये अपील केलं, फोटो जोडले, मेसेज जोडले. चाळीस-एक दिवसांनी दोन ओळींचं उत्तर आलं की सेवा पूर्ववत केली आहे, अपील निकाली काढण्यात येत आहे. फोटोंबद्दल एक शब्द नाही, डॉकेट खोटे बंद केले त्याबद्दल एक शब्द नाही. म्हणून शून्य. तरीपण अपील कराच असं मी सांगेन. कायद्याने ते सक्तीचं नाही, त्याच नियमांत लिहिलंय की ग्राहक संरक्षण कायद्याचा हक्क अबाधित आहे, पण आयोगात पहिला प्रश्न हाच येतो की तुम्ही कंपनीकडे दाद मागितली होती का, आणि तिथे हा कागद पुढे ठेवता येतो.

मधल्या काळात १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवरही तक्रार केली होती, ते कंपनीला पाठवतात, पण आदेश द्यायचा अधिकार त्यांना नाही. ट्रायलाही लिहिलं होतं, उत्तर आलं की आम्ही वैयक्तिक तक्रारी हाताळत नाही, आणि ते खरंच आहे, ट्राय नियम करते, एकेका ग्राहकाचं भांडण सोडवत नाही. दिल्लीत टीडीसॅट म्हणून दूरसंचारचं खास न्यायाधिकरण आहे, पण तिथे कंपनी विरुद्ध कंपनी, कंपनी विरुद्ध सरकार किंवा ग्राहकांच्या गटाचे वाद चालतात, एकट्या ग्राहकाची तक्रार जी ग्राहक आयोगात चालू शकते ती तिथे नाही. म्हणजे फिरून फिरून आपण जिल्ह्याच्या आयोगातच येतो.

आणि तिथे जायच्या आधीच मला एकदा परत पाठवलं गेलं, तेही एका वकिलाने. ओळखीतले आहेत, चांगले आहेत, पण त्यांनी ठामपणे सांगितलं की टेलिफोनवाल्यांची केस ग्राहक कोर्टात चालतच नाही, सुप्रीम कोर्टाने सांगितलंय, तुम्हाला लवादाकडे, म्हणजे कोर्टाबाहेर वाद सोडवायला नेमलेल्या माणसाकडे, जावं लागेल. हे अर्धंच खरं आहे आणि या अर्ध्या खऱ्यामुळे कितीतरी लोक घरी बसले असतील. झालं असं की १ सप्टेंबर २००९ ला सुप्रीम कोर्टाचा एक निकाल आला होता, जनरल मॅनेजर टेलिकॉम विरुद्ध एम. कृष्णन. केरळमधल्या कोझिकोडच्या ग्राहक मंचाने (आयोगाला तेव्हा मंच म्हणायचे) एका ग्राहकाचा तोडलेला फोन जोडून द्यायला आणि ५,००० रुपये भरपाई द्यायला सांगितलं होतं, ते सुप्रीम कोर्टाने रद्द केलं, कारण १८८५ च्या टेलिग्राफ कायद्यात कलम ७-ब आहे, त्यात लवादाची सोय आहे, म्हणून ग्राहक मंचाला अधिकार नाही. १८८५ चा कायदा! तारेच्या काळातला. त्यानंतर कितीतरी मंचांनी मोबाईलच्या तक्रारी दारातूनच परत पाठवल्या. आणि लवाद नेमायचा कोणी, तर केंद्र सरकारने. बिलावरून भांडणाऱ्या माणसाने दिल्लीहून लवाद नेमला जायची वाट बघायची.

हे बदललं १६ फेब्रुवारी २०२२ ला. अहमदाबादचा एक ग्राहक होता, व्होडाफोनचं पोस्टपेड, महिन्याचं भाडं २४९ रुपये, सरासरी बिल ५५५. नोव्हेंबर-डिसेंबर २०१३ च्या एका महिन्याचं बिल आलं २४,६०९ रुपये ५१ पैसे. तो जिल्हा मंचात गेला, कंपनीने २००९ च्या निकालावर बोट ठेवून हरकत घेतली, राज्य आयोगाने आणि राष्ट्रीय आयोगाने ग्राहकाचं म्हणणं मान्य केलं, मग कंपनी सुप्रीम कोर्टात गेली. न्यायमूर्ती चंद्रचूड, सूर्य कांत आणि विक्रम नाथ यांच्या पीठाने सांगितलं की ग्राहक संरक्षण कायदा हा जास्तीचा उपाय आहे, टेलिग्राफ कायद्यातला लवाद ग्राहकाने हवा तर निवडावा, पण त्यामुळे ग्राहक आयोगाचं दार बंद होत नाही. २०१९ च्या नव्या ग्राहक कायद्यात तर सेवेच्या व्याख्येत टेलिकॉम हा शब्दच घातलाय. आणि आता २०२३ चा दूरसंचार कायदा आलाय, त्यात कंपन्यांनी आणि सरकारने ऑनलाईन तक्रार यंत्रणा करायची म्हणलंय, पण त्याच कलम ३० मध्ये हेही लिहिलंय की ग्राहक संरक्षण कायद्याखाली दाद मागायचा हक्क त्याने कमी होत नाही. मला त्या अहमदाबादच्या माणसाबद्दल फार वाटतं. २०१३ चं बिल, आणि २०२२ मध्ये फक्त एवढंच ठरलं की त्याची तक्रार कुठे चालवायची. आठ वर्षं तो थांबला म्हणून माझी केस पहिल्या तारखेला बाहेर फेकली गेली नाही.

मी त्या निकालाची प्रत प्रिंट करून वकील साहेबांना नेऊन दिली. त्यांनी वाचली आणि म्हणाले तुम्हीच चालवा, वकिलाची गरज नाही, कुठे अडलं तर विचारा. आणि खरंच वकील लावला नाही.

तक्रार भरली जानेवारी २०२४ मध्ये, तेव्हा ई-दाखिल पोर्टल होतं, आता २०२५ पासून ई-जागृती आलंय. फी शून्य, कारण दिलेला मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगात फी नाहीच. आणि सगळ्यात मोठी सोय म्हणजे जिथे तुम्ही राहता किंवा काम करता तिथल्याच आयोगात तक्रार करता येते, कंपनीचं ऑफिस मुंबईत असो नाहीतर गुडगावला. आधी ऑक्टोबरमध्ये रजिस्टर पोस्टाने नोटीस पाठवली होती, त्याची पोचपावती जोडली. तक्रार अर्ज मराठीतच लिहिला, तारीखवार, साधा. मागण्या लिहिल्या: वापर न झालेल्या दिवसांचे पैसे, डिपॉझिट, व्याज, बुडालेल्या क्लासचे १२,०००, मानसिक त्रासाचे ५०,००० आणि खर्च. स्क्रीनशॉट आणि व्हिडिओसाठी पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब चं प्रमाणपत्र स्वतःच्या सहीने लावलं, की हा फोन माझा आहे आणि हे त्यातूनच काढलंय. जुलै २०२४ पासून नवा साक्ष्य कायदा लागू झाल्यावर तेच आता कलम ६३ खाली द्यावं लागतं. हे लावायचं विसरू नका, माझ्या केसमध्ये कंपनीच्या वकिलाने पहिला हल्ला स्क्रीनशॉटवरच केला.

पहिल्यांदा आयोगात गेले तेव्हा छातीत धडधडत होतं हे मान्य करते. साधी इमारत, बाहेर बाकावर फाईल मांडीवर घेऊन बसलेली माणसं, एक शेतकरी बियाण्याच्या पिशव्या घेऊन आला होता, एक आजी विम्याची फाईल घेऊन. बोर्डावर माझा नंबर ३१ वा. आत गेल्यावर अध्यक्ष मॅडमनी स्वतःच सांगितलं की ताई घाबरू नका, सावकाश सांगा. मी फोटोंचं पाकीट दिलं. त्यांनी एक एक फोटो बघितला, मग शेजारच्या सदस्यांकडे सरकवला, आणि म्हणाल्या हा मेसेज आणि हा फोटो एकाच तारखेचा आहे ना? हो म्हणलं. एवढंच. पण पाच डॉकेट, अपील, १९१५ सगळं फिरून आल्यावर पहिल्यांदा कोणीतरी ती दोन कागदं शेजारी शेजारी ठेवून बघितली होती. पाचवा स्टार देता येत नाहीये त्याचं मला वाईट वाटतं ते त्या दिवसामुळे.

तक्रार दाखल करून घेतली, कंपनीला नोटीस गेली. पहिल्या तारखेला कंपनीचे वकील आले आणि जबाबासाठी मुदत मागितली, आयोगाने सांगितलं ३० दिवस आणि फार तर आणखी १५, त्यापुढे आम्हाला कायद्यानेच देता येत नाही. हे सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायमूर्तींनी मार्च २०२० मध्ये पक्कं केलंय. जबाब ४५ दिवसांच्या आत आला. तो वाचून मी हादरले, बारा पानं, आणि त्यात सगळं होतं. तक्रार या आयोगात चालत नाही कारण २००९ चा निकाल. अटी-शर्तींत लवादाचं कलम आहे. अटींत लिहिलंय की वाद फक्त अमुक शहरातल्या कोर्टात. आणि शेवटी, तक्रारदार क्लास चालवतात म्हणजे वापर व्यावसायिक, म्हणजे त्या ग्राहकच नाहीत.

हे मुद्दे जवळजवळ प्रत्येक केसमध्ये येतात असं मला तिथल्याच एका वकिलांनी सांगितलं म्हणून उत्तरं लिहून ठेवते. २००९ ला उत्तर २०२२ चा निकाल, वर लिहिलाच आहे. लवादाच्या कलमाला उत्तर म्हणजे एमार एमजीएफ विरुद्ध आफताब सिंग, सुप्रीम कोर्ट, डिसेंबर २०१८, करारात लवाद लिहिला तरी ग्राहक आयोगाचा अधिकार जात नाही. शहराच्या कलमाला उत्तर ग्राहक कायद्यातच आहे, कलम ३४, तक्रारदार राहतो ती जागा. आणि व्यावसायिक वापर, याचीच मला सगळ्यात भीती होती, पण कायद्याच्या व्याख्येतच स्पष्टीकरण आहे की स्वयंरोजगारातून स्वतःच्या उपजीविकेसाठी वापर असेल तर तो व्यावसायिक हेतू धरत नाहीत. मी शपथपत्रात लिहिलं की मी एकटी शिकवते, नोकर नाही, संस्था नाही, यावरच माझं घर चालतं. रिक्षावाला असो, शिवणकाम करणारी असो, घरून टॅक्स रिटर्न भरणारा असो, तुम्हाला हा मुद्दा लागू होतो, लक्षात ठेवा.

आता कापलेला एक स्टार. कायदा म्हणतो शक्यतो तीन महिन्यांत निकाल. माझ्या केसला जानेवारी २०२४ ते जुलै २०२५, अठरा महिने लागले, अकरा तारखा. त्यातल्या तीन वेळा कोरम नव्हता, म्हणजे पुरेसे सदस्य हजर नव्हते, एकदा कंपनीच्या वकिलांनी पुरसिस म्हणजे लेखी निवेदन दिलं की त्यांचा जबाब हाच पुरावा समजावा आणि तेवढ्यासाठी महिना गेला. चार तारखा व्हिडिओवर केल्या, त्यासाठी मात्र मनापासून आभार, नाहीतर प्रत्येक तारखेला जिल्ह्याला जाऊन यायला एसटीने पूर्ण दिवस जातो. यात तिथे बसलेल्या माणसांचा दोष आहे असं मला वाटत नाही, त्या टेबलावर फाईलींचा ढीग मी बघितलाय, माणसं कमी आहेत. पण ज्याचे दोन हजार अडकलेत त्याने अठरा महिने यायचं म्हणजे फारच होतं, हे कोणीतरी वर सांगायला पाहिजे.

युक्तिवादाच्या दिवशी कंपनीचे वकील म्हणाले की ३ ऑगस्टला सेवा सुरू करून दिली, तक्रारदारांनी वापरली नाही तर आमचा दोष काय. मॅडमनी विचारलं, डॉकेट सोडवलं असा मेसेज १२ जुलैला गेला, त्या दिवशी तुमचा माणूस जागेवर गेल्याची नोंद दाखवा. ते म्हणाले, मागवून घेतो. मागवून घेतलेलं कधी आलं नाही.

निकाल आला, "तक्रार अंशतः मंजूर करण्यात येते". ११ जुलैपासूनच्या १४३ दिवसांचे ४,२२० रुपये, डिपॉझिटचे २,०००, दोन्हींवर तक्रार दाखल केल्यापासून ९ टक्के व्याज, मानसिक त्रासापोटी १०,०००, तक्रार खर्चापोटी ५,०००. क्लासच्या फीचे १२,००० नाही मिळाले, कारण ते पैसे याच कारणाने बुडाले हे मी सिद्ध करू शकले नाही, आणि ते बरोबरच आहे, मी कुठे नोंदवही ठेवली होती. तुमचं नुकसान असेल तर त्याच आठवड्यात विद्यार्थ्याकडून, गिऱ्हाईकाकडून एखादा मेसेज लिहून घ्या की अमुक दिवशी क्लास झाला नाही. निकालात मला सगळ्यात आवडलेलं वाक्य पैशांचं नव्हतं, प्रत्यक्षात दुरुस्ती न करता तक्रार सोडवल्याचा संदेश पाठवणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे असं त्यात लिहिलंय. म्हणजे नुसती सेवेतली त्रुटी नाही. ते पान मी वेगळं काढून ठेवलंय.

४५ दिवसांत पैसे द्यायचा आदेश होता. कंपनीला राज्य आयोगात अपील करता येतं पण त्यासाठी आदेशातली निम्मी रक्कम आधी भरावी लागते, त्यामुळे लहान रकमांसाठी बहुतेक जण जात नसावेत असा माझा अंदाज. तिसाव्या दिवशी काही हालचाल दिसेना म्हणून मी एक पत्र पाठवलं की मुदतीत पैसे न आल्यास कलम ७१ आणि ७२ खाली दरखास्त दाखल करेन. ७१ म्हणजे दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखी वसुली, आणि ७२ म्हणजे आदेश न पाळणाऱ्याला एक महिना ते तीन वर्षं कैद किंवा २५,००० ते एक लाख दंड. दहा दिवसांत कुरियरने डिमांड ड्राफ्ट आला, बावीस हजारांच्या आसपास. त्याच आठवड्यात एक मुलगा राऊटर न्यायला आला, दोन वर्षं पिशवीत होता, मी त्याच्याकडून पोचपावतीवर सही घेतली आणि मगच दिला.

अजून एक रस्ता आहे तो माझ्या लक्षात फार उशिरा आला. कायमस्वरूपी लोक अदालत, ही नेहमीच्या लोक अदालतीपेक्षा वेगळी. विधी सेवा प्राधिकरण कायद्यात टेलिफोन ही सार्वजनिक उपयोगी सेवा धरलीय, तिथे अर्ज केला की आधी तडजोडीचा प्रयत्न करतात आणि नाही झाली तर गुणदोषावर स्वतःच निर्णय देतात, तो अंतिम असतो, अपील नाही, फी नाही. ती प्रत्येक जिल्ह्यात नाहीये, आपल्या जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाच्या ऑफिसात जाऊन विचारावं लागतं. छोट्या रकमेचं प्रकरण असेल आणि तुमच्याकडे ही सोय असेल तर आधी तिथे विचारा. फक्त आधीच कोर्टात किंवा आयोगात गेला असाल तर मग तिथे जाता येत नाही.

ड्राफ्ट आला त्या दिवशी समोरच्या घरातले काका पेढे मागायला आले. त्यांचीही लाईन त्याच खड्ड्यात तुटली होती, त्यांचेही सहा महिन्यांचे पैसे गेले होते, आणि दोन वर्षं ते मला म्हणत होते की तुझं काय होतंय ते बघतो आणि मग मी करतो. मी कायदा काढून दाखवला, कलम ६९, कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार करायची, आणि ती दोन वर्षं पावसाळ्यातच सरली होती. काका गप्पच झाले. पुरेसं कारण दाखवलं तर उशीर माफ करता येतो, तसा अर्ज मी त्यांना लिहून देतेय, पण त्यांनी तक्रार केली होती ती बहुतेक वेळा लाईनमनला रस्त्यात गाठून, तोंडी. सध्या त्यांच्या जुन्या फोनमध्ये "आपली तक्रार सोडवण्यात आली आहे" वाले मेसेज शोधायचं काम चाललंय. काल रात्रीपर्यंत दोन सापडलेत.